प्रार्थनापेटीतून आलेली उत्तरं

८ जून

प्रिय टकळे,

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. ट्रंक पलंगाखाली मावली, खिडकीतून इस्पितळाची मागची भिंत दिसते आणि खोलीतल्या तिघी बऱ्या आहेत, एवढं कळलं. तुझ्या आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः वाचलं आणि म्हणाली, "जेवणाचं एक अक्षर नाही लिहिलं कार्टीनं." तेव्हा पुढच्या पत्रात जेवणाचं लिही.

परवा सुतारकाका गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, म्हणून मी चर्चच्या घंटेचे अठ्ठ्याहत्तर ठोके दिले. आपल्याकडे चालत आलंय तसं: जितकं वय तितके ठोके, आणि गाव हातातलं काम थांबवून मोजतं. खांदा अजून दुखतोय. काल दुकानात पुस्तकं शिवताना सुई डाव्या हातानं ओढत होतो.

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांची नक्कल केलीस. चष्मा कपाळावर आणि साहेब खिसे चाचपताहेत. ते स्वतः डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो. देवानं तुला देणगी दिली आहे, यात शंका नाही. पण घरी येताना एक गोष्ट मनात आली. नक्कल करताना तू हसणाऱ्यांकडे बघतेस. त्याऐवजी ज्याची नक्कल चाललीय त्याच्याकडे बघ. सगळ्यांत आधी तो हसला पाहिजे. तो हसला नाही तर बाकीची खोली लोळली तरी तू तिथंच थांब. ख्रिस्ताच्या लेकरानं थट्टा करावी ती माणसाला आपल्या पंगतीत बसवून घ्यायला. भरल्या ताटावरून उठवायला नव्हे.

झाला उपदेश. आता माझी नक्कल करून दाखव म्हणशील तर पुढच्या सुट्टीत.

तुझा मामा


१९ जून

मामा,

जेवणाचं: भाजी कसली आहे ते ओळखायची रोज पैज लागते. काल कोणीच जिंकलं नाही. आईला सांगा.

सकाळी सहाला उठायचं, पांढरा अ‍ॅप्रन, केस एका वेणीत. चादरीचा कोपरा असा दुमडायचा की वर नाणं टाकलं तर उडालं पाहिजे. रबराची एक बाई आहे, तिला आम्ही दिवसातून चार वेळा अंघोळ घालतो. बिचारी अजून बरी झाली नाही. मेट्रनबाई सगळं दोनदा बोलतात. "मुलींनो, नखं, नखं." "पाय घासून, पाय घासून." मी त्यांचा आवाज काढला की खोलीतल्या तिघी उशीत तोंड खुपसतात. तुम्ही म्हणता तसं त्यांच्याकडे बघून करायचं म्हणजे मला घरीच पाठवतील.

शेजारच्या खोलीत एक मुलगी आहे. अनाथाश्रमातून आली आहे. नेहमी कोणाच्या तरी एक पाऊल मागे चालते, म्हणून मी तिचं नाव सावली ठेवलं. ती नाडी मोजताना ओठ हलवते आणि पेशंटच्या आधी स्वतःच घाबरते. मी ते करून दाखवलं तेव्हा ती तिथंच होती. तुमची आज्ञा पाळून मी तिच्याकडे बघितलं, पण ती खाली बघत होती. त्यामुळे हसली की नाही ते कळलं नाही.

इथं प्रार्थनेच्या खोलीत एक लाकडी पेटी आहे. देवाला सांगायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. नाव घालायचं नाही. कोणी वाचायचं नाही. महिनाअखेरीला मेट्रनबाई सगळ्या चिठ्ठ्या न उघडता अंगणात जाळतात. पेटीची किल्ली मात्र पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे ठेवायची पद्धत आहे. यंदा माझ्याकडे आली! गळ्यात अडकवताना मेट्रनबाई म्हणाल्या, "विश्वास, विश्वास."

तुम्ही घंटेला दुसऱ्या कोणाला हात का लावू देत नाही? नव्वदीची कोणी गेली म्हणजे तुमचाच खांदा जाणार.

तुमची टकळी


२४ जून

प्रिय टकळे,

रबराच्या बाईला आमचा सलाम सांग. तुझ्या आईनं भाजीचं वाचून उसासा टाकला आणि मग अर्धा तास हसत बसली.

खाली बघणारा चेहरा हसलेला नसतो. एवढं मी पन्नाशीला येईपर्यंत शिकलो आहे, ते तुला फुकट देतो. त्या मुलीला तिच्या खऱ्या नावानं हाक मार.

चिठ्ठ्या उघडू नकोस असं मी लिहिणं म्हणजे तुझा अपमान, म्हणून लिहिणार नव्हतो. बघ, लिहिलंच. माणूस देवाजवळ जे बोलतो ते ऐकायला फार मोठे कान लागतात. तेवढे आपल्याला नाहीत.

घंटेचं नंतर कधीतरी.

मामा


६ जुलै

मामा,

इथं एक गंमत झाली आहे. रागावणार नसाल तर सांगते.

काही मुलींनी पेटीतल्या चिठ्ठ्या बघितल्या. सगळ्या कंटाळवाण्या. परीक्षा, परीक्षा, वडलांचा दमा, परीक्षा. एक मात्र ताप लिहायच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात: "तू ऐकतोस का? एकदा सांग." अक्षर सावलीचं. त्या मुलींनी काय करावं? तक्त्यावरच्या निळ्या पेन्सिलीनं, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं, "मी ऐकतो आहे." आणि चिठ्ठी तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. अ‍ॅप्रन सगळे व्हरांड्यात खुंट्यांवरच असतात.

सकाळी तिनं खिशात हात घातला आणि मामा, ती भिंतीला टेकून उभीच राहिली. आम्हाला वाटलं, ओरडेल. नाही ओरडली. चिठ्ठी घडी करून पोलक्यात ठेवली.

मग रोजच सुरू झालं. ती पेटीत टाकते, तिला खिशात मिळतं. "उद्या वेणी उजव्या खांद्यावर घे" असं एकदा लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी बाई उजव्या खांद्यावर वेणी घेऊन हजर! दिवसभर एकेक जण बाथरूममध्ये जाऊन हसून येत होती. "जेवताना डाव्या हाताला बस." बसली.

पण एक सांगू का? ती आता सरळ चालते. परवा वॉर्डात एका आजीला मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नका, मी आहे." तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे चांगलंच झालं की नाही?

टकळी


१० जुलै

टकळे,

"काही मुली", "त्या मुली" असं तू दोन वेळा लिहिलंस. तिसऱ्या वेळी "आम्हाला" लिहिलंस. आणि किल्ली एकच आहे.

नाही, चांगलं झालेलं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मला काम सुचत नाही. ती मुलगी सरळ चालते आहे कारण आपण कोणाचा तरी हात धरला आहे असं तिला वाटतं. तो हात तुझा आहे, आणि तू हसते आहेस. जिन्यात मध्येच सोडशील तेव्हा काय होईल?

आजच्या आज तिच्यापुढे जा आणि सांग. चिठ्ठ्या लिहायचं नुसतं थांबवू नकोस. तसं करणं सगळ्यांत वाईट. सांग. ती रडेल, तुझ्या अंगावर धावून येईल, मेट्रनबाईंकडे जाईल. ते सगळं सोस.

मला या बाबतीत माहिती आहे. कशी, ते विचारू नकोस.

मामा


१८ जुलै

मामा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस रुसले होते. आता लिहिते.

मीच लिहीत होते. तिघींना अक्षर कसं काढायचं ते मी शिकवलं, म्हणजे माझ्या ड्यूटीच्या दिवशी त्या लिहू शकतील. पण आता थांबवलं आहे. तशाही चिठ्ठ्या कंटाळवाण्या झाल्या होत्या आणि त्यात तुमचं पत्र आलं. एकही चिठ्ठी लिहिलेली नाही. शपथ.

सांगायला गेले होते. खरंच गेले होते. ती चादरी मोजत होती. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुझ्याकडे पेटीची किल्ली आहे ना? किती भाग्याची आहेस." मग मी तिच्याबरोबर चादरी मोजल्या आणि परत आले.

आता ती दिवसाला पाच-सहा चिठ्ठ्या टाकते. "माझं काय चुकलं?" "मी वेणी अजून उजवीकडेच घेते." "तू बोलेपर्यंत मी जेवणार नाही." पहिल्यांदा वाटलं, भूक लागली की जेवेल. जेवणघरात ताट घेते, डाव्या हाताला बसते आणि ताट तसंच परत ठेवते. काल जिन्यात कठडा धरून उभी होती. मेट्रनबाईंनी विचारलं तर म्हणाली, पोट बिघडलंय.

आजची चिठ्ठी जरा नाटकीच आहे: "तू येत नाहीस तर तुला तिकडेच येऊन विचारते." असलं लिहायला ही शिकली कुठं?

तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबवलं. आता तरी रागावू नका.

टकळी


२२ जुलै

टकळे,

तुझं पत्र चार दिवसांनी आत्ता हातात पडलं. दुकानाला कुलूप लावून डाकघरात गेलो आणि मेट्रनबाईंना फोन केला. तुमच्याकडची एक मुलगी कित्येक दिवस जेवलेली नाही, तिला एकटी सोडू नका, म्हणालो. त्या म्हणाल्या, ती काल सकाळी प्रार्थनेच्या खोलीत पेटीसमोर पडलेली सापडली. वॉर्डात ठेवली आहे. "का जेवत नाही ते सांगत नाही, सांगत नाही."

मला कारण माहीत आहे हे मी त्यांना सांगितलं. काय, ते सांगितलं नाही. ते तुझं काम आहे. परवा दुपारी मी पुन्हा फोन करणार आहे. तोवर तू सांगितलं नसलंस तर मी सांगेन.

त्या ओळीत नाटक नव्हतं. पुन्हा वाच.

मामा


२५ जुलै

मामा,

सांगितलं. तुमचं पत्र पोचायच्या आधीच. परवा तिला सलाईनसाठी दुसऱ्या वॉर्डात स्ट्रेचरवरून नेताना बघितलं. वेणी उजव्या खांद्यावरून खाली लोंबत होती. तिथूनच ऑफिसात गेले.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकलं. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, "किल्ली." एकदाच म्हणाल्या, मामा. एकदाच. मला ठेवायचं की काढायचं ते पंधरा दिवसांनी ठरेल. तोवर माझी ड्यूटी तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर. "तिला खरं सांग आणि तिला जेवू घाल. दोन्ही तूच कर."

मी तिला सगळं सांगितलं. पेटी, निळी पेन्सिल, बाथरूममध्ये जाऊन हसणं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थट्टा करतेस."

मी म्हटलं, "नाही गं, यावेळी खरं."

"यावेळी," ती म्हणाली आणि मान वळवली.

मग मी निळी पेन्सिल आणली. तिच्या डोळ्यांसमोर कागदावर तसंच लिहिलं: "मी ऐकतो आहे." तिनं कागद जवळ धरून बघितला. खूप वेळ बघितला. तिच्या तोंडावर कौतुक होतं, मामा. म्हणाली, "हुबेहूब जमलं. तू सगळ्यांची नक्कल करतेस. माझी केलीस, मेट्रनबाईंची केलीस. आता त्याचीही?"

तिच्या हाताला सलाईन आहे. तोंडानं पाणीसुद्धा घेत नाही. दुधाचा चमचा ओठाला लावला की दात आवळते. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही. ते हे दाराबाहेर म्हणाले, पण तिला ऐकू गेलं आणि ती हसली.

एक विचारते. ती एकाच गोष्टीची वाट बघते आहे. मी फक्त एक चिठ्ठी लिहिली, "जेव," तर ती जेवेल. मला पक्कं माहीत आहे. शेवटची एकच. लिहू का? पेन्सिल माझ्या खिशात आहे. लवकर कळवा. आणि तुम्ही येता का?

टकळी


२९ जुलै

प्रिय टकळे,

लिहू नकोस. का, ते आज सांगतो. तुझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही.

मी सोळा वर्षांचा होतो. गावात एक गवंडी होता, बेचाळीस वर्षांचा. बाहेरगावी कामाला जायचा आणि महिन्यातून एकदा यायचा. त्याची बायको भित्री. जरा उशीर झाला की वाटेवर जाऊन उभी राहायची. त्यावरून आम्ही पोरं तिला चिडवायचो. एका दुपारी मी आणि दोघे मित्र घंटेपाशी गेलो आणि मी बेचाळीस ठोके दिले. गावात त्या वयाचा तो एकटाच होता, आम्ही आधी हिशेब केला होता. ती दारात आली आणि बोटांवर मोजायला लागली. बेचाळिसावा झाला, मी दोर सोडला. ती खाली बसली. आम्ही भिंतीआड इतके हसलो की माझ्या पोटात कळ आली.

दुसऱ्या दिवशी गवंडी सायकलवरून घरी आला. धडधाकट. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू गेलास. मी मोजले." त्यानं हात धरला तर हात काढून घेतला. मी जाऊन पाय धरले, काकी, मी वाजवली, थट्टा होती. ती म्हणाली, "मस्करी करतोस, बाळा."

मग मला अक्कल सुचली. घंटेनं बिघडलं ते घंटाच नीट करेल. तो जिवंत आहे हे कळावं म्हणून मी आनंदाच्या तालात घंटा वाजवली. तिनं तीही मोजली. तेवीस. त्या संध्याकाळी ती दारोदार फिरली, "तेवीस वर्षांचं कोण गेलं?" म्हणून. ज्या घरात त्या वयाचं कोणी होतं त्या घरात जाऊन रडली. त्याआधी काही तरी आशा होती. त्यानंतर राहिली नाही. नऊ वर्षं ती त्याला वाढायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. दर रविवारी मी जाऊन तेच सांगायचो. ती पाण्याचा तांब्या द्यायची आणि तेच म्हणायची. ती गेली तेव्हा ठोके मी दिले. तेव्हापासून दोराला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

तेव्हा ती पेन्सिल मेट्रनबाईंना देऊन टाक. शरीर सांभाळायला डॉक्टर आहेत. तू खरं सांगत राहा. तिनं विश्वास ठेवला नाही तरी सांग. कंटाळा आला तरी सांग. स्टूल सोडू नकोस.

मी येणार नाही. आलो तर तू माझ्या मागे उभी राहशील. इथं मी रोज पहाटे तुम्हा दोघींसाठी गुडघे टेकतो. दोघींसाठी, हे लक्षात ठेव.

मामा


६ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. परवानगी न घेता. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "त्या काकींना शेवटपर्यंत कळलंच नाही?" मी म्हटलं, नाही. दात मात्र उघडले नाहीत.

काल दुपारी मी स्टुलावर होते. रुमाल काढायला अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला तर घडी घातलेला कागद. निळी पेन्सिल, मोठी सुटी अक्षरं: "उद्या वेणी उजव्या खांद्यावर घे."

मामा, क्षणभर मलाही खरं वाटलं. मला सगळं माहीत असून. मग व्हरांड्यातून आवाज आला. खोलीतल्या तिघी. उशीत तोंड खुपसल्यावर येतो तसा दाबलेला आवाज. मीच शिकवलेलं अक्षर.

सावलीनं कागद बघितला होता. ती कोपरावर उठली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तिचा चेहरा असा उजळला होता की बघवेना. "तुला पण आली?" ती म्हणाली. "बघ, मी सांगत होते. तुला पण आली." आणि तिनं दुधाच्या वाटीकडे बघून तोंड उघडलं.

चमचा माझ्या हातात होता. मला काही लिहायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आता दोन-तीन दिवस. मी चमचा तिच्या ओठापर्यंत नेला आणि तुमच्या काकी तेवीस मोजताना दिसल्या.

मी चमचा खाली घेतला. म्हटलं, "ही माझ्या खोलीतल्या मुलींनी लिहिली. माझी थट्टा म्हणून. ऐक, बाहेर हसताहेत."

तिनं मान वाकडी करून ऐकलं. आम्ही दोघींनी ऐकलं. बराच वेळ चाललं होतं ते. त्यांना वाटत असेल, किती मजा.

"माझ्या वेळी पण असंच?"

"हो."

"तू पण?"

"सगळ्यांत मोठ्यानं मी."

तेव्हा मी तुम्ही पहिल्या पत्रात सांगितलं होतं ते केलं. हसणाऱ्यांकडे नाही, तिच्याकडे बघितलं. यावेळी ती खाली बघत नव्हती. काय बघितलं ते मी लिहू शकत नाही. दिवा काढून नेलेली खोली जशी दिसते, तसं काहीतरी. तिला पटलं होतं, मामा. आपण एवढे दिवस तेच मागत होतो आणि ते असं होतं.

तिनं वेणी खांद्यावरून काढली, मागे टाकली. म्हणाली, "वाटी इथं ठेव आणि तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. चमचा वाटीला लागल्याचा आवाज एकदा आला. मग खूप वेळानं दुसऱ्यांदा.

आज तिनं दोन वाट्या दूध घेतलं. डॉक्टर खूश आहेत. माझ्याशी ती बोलत नाही. मी तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारते, ती ओ देत नाही. मला काढणार की ठेवणार, ते परवा कळेल. मी स्टूल सोडलेलं नाही.

संध्याकाळी तिनं कागद मागितला आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं. कागदाच्या चार घड्या घातल्या, तो माझ्यापुढे धरला आणि पेटीच्या खोलीकडे बोट केलं. तिला अजून चालवत नाही, आणि त्या वेळी वॉर्डात दुसरं कोणी नव्हतं.

व्हरांडा फार लांब वाटला. तिनं इतकं दाबून लिहिलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूनं अक्षरं बोटांना लागत होती. मी चिठ्ठी कडेला, दोन नखांत धरून नेली आणि टाकली.

टकळी